मन : ग्वाही की वकील?

परमार्थात निश्चयाला फार मान आहे. वारीचा नेम धरला तो सोडायचा नाही, गळ्यात माळ घातली ती उतरायची नाही, एकादशी चुकवायची नाही, हे सारे निश्चयावर चालते. 'जाऊ की नको' असे दहा वेळा म्हणणारा माणूस आळंदीहून निघेलही, पण तो पंढरपूरला पोचेलच असे सांगता येत नाही. म्हणून कीर्तनात, प्रवचनात निश्चयाची महती सांगतात, आणि ती योग्यच आहे.

पण याच निश्चयाविषयी एक प्रश्न पुष्कळ दिवस आमच्या मनात घोळत आहे. तो आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्याला एखाद्या गोष्टीची पक्की खात्री वाटते, तेव्हा आत नेमके काय घडते? खात्री वाटणे हे ती गोष्ट खरी असल्याचे लक्षण आहे काय? आणि 'माझी खात्री आहे' हे ज्याला कळते, तो जाणणारा कोण? प्रश्न पंडितांच्या सभेतला वाटेल. आमच्यापुढे मात्र तो दिवे घाटात उभा राहिला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली होती. मजल मोठी, त्यात एकादशी. पावसाने ओढ दिलेली आणि ऊन कडक. घाट चढताना आमच्या दिंडीतले एक वयस्क टाळकरी मागे पडू लागले. त्यांच्या डाव्या हातातून टाळाची वाटी निसटली. ती हातात दिली, पुन्हा निसटली. आम्ही त्यांना कडेला सावलीत बसवले, पाणी दिले. "काय होतंय, माउली?" असे विचारले, तर म्हणाले, "मला कुठं काय झालंय? चला, दिंडी पुढं जाईल." आम्ही भोवतालच्या मंडळींना सांगून टाकले, "काही नाही, उपवासाचं पित्त आहे. घटकाभर बसले की उठतील." आमच्या इतक्या वाऱ्या झालेल्या. असे बसलेले आणि उठून चालू लागलेले वारकरी आम्ही कितीतरी पाहिले होते. बोलताना आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई शेजारी उभी होती. वारीला ती पहिल्यांदाच आलेली. ती चाचरत म्हणाली, "महाराज, मला त्यातलं काही कळत नाही. पण दोन्ही वेळेला डाव्याच हातातनं पडलं. पित्तानं एकच हात कसा ढिला पडंल? डॉक्टरला दावू या का?" आम्ही म्हणालो, "बाई, काळजी करू नका. आम्हाला ठाऊक आहे." ती गप्प झाली. पण थोड्या वेळाने कोणाला न विचारता ती गर्दीतून वाट काढीत गेली आणि आरोग्य पथकाच्या लोकांना घेऊन आली. तो अर्धांगाचा झटका होता. टाळकरी वाचले. "आणखी लवकर आणायला हवं होतं," एवढेच डॉक्टर म्हणाले. त्यांचा डावा हात अजून पुरता वळत नाही.

त्या रात्री सासवडच्या मुक्कामी आम्हाला झोप आली नाही. चूक झाली याचे दुःख होतेच. पण त्याहून एका गोष्टीचे नवल वाटत होते. चूक करताना आतून ती चुकीसारखी लागली नव्हती. बरोबर सांगताना आतून जसे लागते, अगदी तसेच लागले होते. 'आम्हाला ठाऊक आहे' हे शब्द आम्ही यापूर्वी शेकडो वेळा उच्चारले असतील, आणि पुष्कळदा आम्हाला खरोखरच ठाऊक होते. या खेपेला नव्हते. खात्रीची चव दोन्ही वेळेला एकच!

आणि त्या घाटात खात्री असलेले आम्ही एकटे नव्हतो. ज्यांचे अंग लुळे पडत होते, त्यांचीही खात्री होती की आपल्याला काही झालेले नाही. खात्री नव्हती ती फक्त त्या बाईला. आणि दिसले तेही फक्त तिलाच.

पुढे एका डॉक्टर स्नेह्यांशी या विषयावर बोलणे झाले. त्यांनी जे सांगितले त्याने आमचा प्रश्न आणखी खोल गेला. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की शरीराची डावी बाजू लुळी पडते. अशा काही रोग्यांना आपला हात हलत नाही हेच मुळी कळत नाही. ते खोटे बोलत नसतात. त्यांना मनापासून तसेच वाटत असते. पॅरिसचे डॉक्टर बाबिन्स्की यांनी 1914 साली या प्रकाराला नाव दिले. त्याच्याही आधी, 1899 साली, ऑस्ट्रियातील डॉक्टर अँटन यांनी मेंदूच्या विकाराने दृष्टी गेलेल्या रोग्यांचे वर्णन केले होते. या रोग्यांना आपण आंधळे झालो याचा पत्ता नसतो. खोलीत काय आहे विचारले तर ते बेधडक सांगतात, आणि उठून चालू लागले की भिंतीवर आदळतात. दृष्टी नाही, पण खात्री पूर्ण!

याच्या अगदी उलटही घडते. इंग्लंडमध्ये वाइसक्रांट्झ नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1974 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेत मेंदूचा काही भाग काढावा लागल्याने या गृहस्थाला डावीकडचे काही दिसत नसे. तिकडे प्रकाशाचा ठिपका दाखवून विचारले, तर तो म्हणे, "मला काही दिसत नाही." "असू द्या. अंदाजाने बोट दाखवा," असे म्हटले की बोट बऱ्याच अंशी योग्य जागी जाई. उभी रेघ की आडवी, हेही तो पुष्कळदा बरोबर सांगे. त्याची उत्तरे बरोबर आली असे सांगितले तर त्यालाच आश्चर्य वाटे. तो म्हणे, मी तर नुसता अंदाज करीत होतो. म्हणजे आत कुठेतरी पाहणे चालू होते, पण 'मी पाहतो आहे' ही जाणीव मात्र तिथे नव्हती.

हे झाले रोग्यांचे. धडधाकट माणसाचे काय? अमेरिकेत पर्स आणि जॅस्ट्रो या दोघांनी 1884 साली एक साधा प्रयोग करून पाहिला. बोटावर दाब द्यायचा, तो किंचित वाढवायचा किंवा कमी करायचा, आणि दाब वाढला की घटला ते ओळखायचे. उत्तराबरोबर आपल्या खात्रीला शून्यापासून तीनपर्यंत अंकही द्यायचा. शून्य म्हणजे 'मला काहीच कळत नाही, उगाच एक उत्तर देतो'. गंमत अशी की शून्य खात्रीची उत्तरेसुद्धा, नाणे उडवून जितकी बरोबर यावीत त्याहून जास्त बरोबर आली. खात्रीचा काटा शून्यावर होता, तरी आतले कळणे शून्यावर नव्हते.

आणखी एक प्रयोग स्वीडनमधला, 2005 सालचा. माणसाला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि त्यांतला अधिक आवडतो तो निवडायला सांगायचे. मग हातचलाखीने, त्याने नाकारलेला फोटोच त्याच्या हाती द्यायचा आणि विचारायचे, "हा तुम्ही का निवडला?" बहुतेक वेळा लोकांच्या ही अदलाबदल ध्यानातच आली नाही. उलट त्यांनी कारणे सांगितली. जो फोटो आपण निवडलाच नव्हता, त्यातल्या गोष्टी दाखवून 'म्हणून मला हा आवडला' असे सांगितले! बुद्धीने निर्णय केला नव्हता, तरी निर्णयाची वकिली मात्र हौसेने केली.

वाचकहो, हसू येते, पण आम्ही घाटात केले ते यापेक्षा वेगळे होते काय? 'पित्त' हे आमच्या तोंडून आधी निघून गेले. एकादशी, ऊन, चढण, ही कारणे मागाहून धावत आली. एकदा कारणे जमली की खात्री वाढते, आणि खात्री वाढली की डावा हात डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजचे शास्त्रज्ञ जाणिवेचा शोध घेताना खात्रीला एक माप म्हणून वापरतात. माणूस खात्रीने सांगतो, तर त्याला जाणीव असली पाहिजे. नुसता अंदाज करतो, तर जाणीव नसावी, असा त्यांचा हिशेब. मनाला आपल्या अवस्थेचे जे ज्ञान होते तीच जाणीव, असे त्यांच्यातले काही म्हणतात. काहींना ते मान्य नाही. त्यांचा वाद त्यांनी सोडवावा. हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. ग्रंथांचा विषय वेगळा आहे. आत्म्याचा निर्णय त्या प्रयोगांच्या तोंडी घालणेही बरे नव्हे. पण ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय ज्याने श्रद्धेने वाचला आहे, त्याला या ठिकाणी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही.

त्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विचार आहे. क्षेत्र म्हणजे शेत, क्षेत्रज्ञ म्हणजे ते जाणणारा. ज्ञानोबारायांनी क्षेत्राची 36 तत्त्वे एकेक करून समजावून दिली आहेत. पंचमहाभूते, इंद्रिये, त्यांचे विषय हे सगळे क्षेत्रात येणार हे आपल्याला लगेच पटते. पण त्या यादीत बुद्धी आहे, अहंकार आहे, आणि शेवटाकडे चेतना आणि धृती हीसुद्धा आहेत! धृती म्हणजे धरून ठेवण्याचे बळ, ठामपणा. चेतना म्हणजे देहाला जागे ठेवणारी शक्ती. आपण एरवी ज्याला 'मी जागा आहे, मला ठाम ठाऊक आहे' असे म्हणतो, ते सारे भगवंतांनी उचलून शेतात टाकले. ते जाणले जाणाऱ्यांत मोडते, जाणणाऱ्यात मोडत नाही.

याचा प्रत्यय घेणे अवघड नाही. भूक लागते तेव्हा 'मला भूक लागली' हे कळते. राग येतो तेव्हा, थोडे सावध असलो तर, 'मला राग आला' हे कळते. त्याचप्रमाणे खात्री येते तेव्हा 'मला खात्री आली' हे कळू शकते. जे दिसते ते पाहणाऱ्याहून वेगळे, हा साधा नियम इथेही लागू आहे. भूक लागली म्हणजे अन्न समोर आहे असे सिद्ध होत नाही. खात्री आली म्हणजे सत्य समोर आहे असेही सिद्ध होत नाही. दोन्ही शेतात उगवणारी रोपे. कोणते पीक आणि कोणते तण, हे शेतकऱ्याने वाकून पाहावे लागते.

अठराव्या अध्यायात तर हे अधिकच उघड करून सांगितले आहे. बुद्धी तीन प्रकारची आणि धृतीही तीन प्रकारची. तामस बुद्धी अधर्मालाच धर्म समजते. तिला शंका येते असे तिथे म्हटलेले नाही. ती उलटे समजते आणि तसेच मानून चालते. तामस धृतीही धृतीच आहे. तिने धरलेला शोक, भय, मद ती सोडीत नाही. तेव्हा ठामपणा हा गुण सात्त्विकाकडेही असतो आणि तामसाकडेही. नुसत्या ठामपणावरून माणूस कुठे उभा आहे हे ओळखता येत नाही.

गोरोबाकाकांच्या घरची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, "काका, हे काय?" काका म्हणाले, "मडकं कच्चं की पक्कं, हे याने पाहतो." मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सारे शांत बसले. नामदेवराय मात्र दुखावले, आणि कच्चे मडके ठरले. पंढरीत येऊन त्यांनी देवाकडे गाऱ्हाणे केले, तर देवानेही तोच निकाल दिला. या कथेत एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. नामदेवरायांची भक्ती खोटी नव्हती. देव त्यांच्याशी बोलत होता, जेवत होता. कच्ची होती ती त्या भक्तीविषयीची त्यांची खात्री. 'मी देवाचा लाडका, मला कोण तपासणार?' ही गाठ थापटण्याचा आघात सोसू शकली नाही. पक्के मडके आघाताला भीत नाही. पक्का निश्चयही तपासणीला भीत नाही. आपल्या निश्चयाला कोणी टिचकी मारली आणि आपल्याला संताप आला, तर समजावे की अजून भट्टी व्हायची आहे.

इथे कोणी म्हणेल, "महाराज, असं प्रत्येक खात्रीकडे संशयानं पाहिलं, तर माणसानं काही करायचंच नाही का? संशयात्म्याचा नाश होतो असं गीताच सांगते." शंका रास्त आहे. पण चौथ्या अध्यायातला तो संशयात्मा अज्ञानी आणि अश्रद्धही आहे. तो कुणाचे ऐकत नाही आणि स्वतःही काही करीत नाही. आता कुरुक्षेत्रावरचे दोघे डोळ्यांसमोर आणा. दुर्योधन आचार्यांपुढे जाऊन दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे सांगतो आणि आपल्या बळाची ग्वाही देतो. त्याला काही विचारायचे नाही. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो आणि म्हणतो की मला धर्म कळेनासा झाला, मी शिष्य आहे, मला सांग. गीता या गोंधळलेल्याला सांगितली गेली. आणि सगळे सांगून झाल्यावरही देव म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. विचार केल्यावर अर्जुनाचा संशय फिटला आणि तो उठला. त्याचा निश्चय शेवटी आला. दुर्योधनाचा पहिल्यापासून तयार होता.

घाटातली ती बाई संशयात्मा नव्हती. खात्री नसताना तिने पाऊल उचलले. "मला कळत नाही" हे तिचे म्हणणे दुबळेपणाचे नव्हते. तिला आपले न कळणे स्वच्छ दिसत होते. आणि तेच दिसत असल्यामुळे जाणत्याकडे जावे हेही दिसले. आमच्याकडे वारीचा अनुभव होता, पण आमचे न कळणे आम्हाला दिसत नव्हते. जाणीव जास्त कोणाकडे होती, हे आता सांगायला नको.

म्हणून आम्ही मनाशी एक भेद करून ठेवला आहे. निष्ठा वेगळी आणि खात्री वेगळी. विठ्ठलाच्या पायांवर निष्ठा ठेवावी, नेमावर ठेवावी, सत्यावर ठेवावी. तिथे डळमळू नये. पण 'या माणसाला काय झाले आहे', 'त्या भावाने असे का केले', 'सून असे का बोलली', 'मुलाला कोणत्या वाटेला लावावे', या बाबतीत आपल्या बुद्धीने दिलेला निकाल म्हणजे देवाचे वाक्य नव्हे. पांडुरंगावर भरवसा असणे आणि आपल्या अंदाजावर भरवसा असणे या दोन्हींचे सोंग सारखे दिसते. पुष्कळ माळकऱ्यांच्या घरांतली भांडणे याच गोंधळातून उठतात. निष्ठेचा कडकपणा आपण अंदाजाला चढवतो आणि मग माघार घेणे म्हणजे धर्म सोडणे वाटू लागते.

तुकोबाराय सांगतात की खऱ्याखोट्याच्या बाबतीत त्यांनी बहुमताला न मानता आपल्या मनाला साक्षीदार नेमले. यावरून काहीजण म्हणतात, "बघा, स्वतःच्या मनावर विश्वास ठेवा, असंच ते सांगतात." पण साक्षीदार नेमला, वकील नेमला नाही, हे विसरू नये. चावडीवर किंवा कोर्टात पाहा. वकील एक बाजू घेतो आणि तिच्यासाठी कारणे शोधतो. ग्वाहीचे काम तेवढे नाही. त्याने पाहिले ते सांगायचे, आणि पाहिले नाही तर 'नाही पाहिले' हेही तितक्याच स्वच्छपणे सांगायचे. ज्या साक्षीदाराला 'मला ठाऊक नाही' म्हणता येत नाही, त्याची साक्ष काय कामाची? तुकोबारायांचे मन असे ग्वाही होते. आपले मन बहुधा वकील असते, आणि पक्षकारही आपणच असतो.

दुसऱ्या दिवशी दिंडी निघण्यापूर्वी आम्ही त्या बाईकडे गेलो आणि तिच्या पाया पडलो. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. पण त्या दिवशी आम्हाला ते वेगळे वाटले. ती संकोचली. म्हणाली, "महाराज, मला तरी कुठं खात्री हुती? जे दिसलं ते नुसतं सांगितलं." ग्वाहीचे याहून चांगले लक्षण आम्हाला कोणत्या ग्रंथात शोधायचे होते?

तेव्हापासून आम्ही एक लहानसा नेम केला आहे, तो सांगून लेख पुरा करतो. 'आम्हाला ठाऊक आहे' हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबायचे, एकदा नाम घ्यायचे आणि ही खात्री कशी उगवली ते पाहायचे. जे पाहिले त्यातून आली, की वयातून, मानातून, सवयीतून आली? शेजारी उभा असलेला लहान माणूस काही सांगू पाहत आहे काय? मग निर्णय करायचाच, टाळायचा नाही. आणि चुकला असे दिसले तर बदलायलाही लाजायचे नाही. नेम रोज साधतो असे नाही. कित्येकदा शब्द तोंडून निघून गेल्यावर आठवण होते. पण त्या आठवणीतसुद्धा शेताबाहेर उभा राहून शेत पाहणारा कोणीतरी आहे, याची पुसटशी ओळख पटते. ती ओळख वाढावी, एवढेच संतांच्या चरणी मागणे आहे.

राम कृष्ण हरि.